पाटीवरचं नाव
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. लिफ्टची वाट बघताना तळमजल्यावरचा सभासदांच्या नावांचा फलक आपण सगळेच वाचतो. मी तो २५ वर्षं वाचतोय. आज त्या फलकावरच बोलतो.

बँकेच्या नोकरीत बदल्या भरपूर झाल्या. नव्या गावात भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, "आडनाव काय?" ते सांगितलं की दुसरा, जरा आवाज खाली आणून, "म्हणजे कोणापैकी?" हा दुसरा प्रश्न मला कधीच आवडला नाही. आणि गंमत अशी, की आडनावावरून जे ओळखायचा हा खटाटोप, ते बहुतेक आडनावांना सांगताच येत नाही.

पाटील घ्या. जुन्या ताम्रपटांतला 'पट्टकिल' हा शब्द, म्हणजे गावचा प्रमुख. ते पद होतं, जात नव्हे. म्हणून मराठा, कुणबी, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, मुसलमान, सगळ्यांत पाटील सापडतात. परगण्याचा प्रमुख तो देशमुख, तिथला हिशेब ठेवणारा देशपांडे. फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांतला 'नवीस' फारसी, म्हणजे लिहिणारा. आमच्या धंद्यातलं आडनाव पोतदार! नाणं खरं की खोटं ते पारखणारा. आजच्या कॅशियरचा पूर्वजच म्हणा ना.

'कर' लागला की गाव आलं. अलिबागकडच्या बेने इस्रायली ज्यूंमध्येसुद्धा किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर आहेत. आणि आपल्या चिंचवडमध्ये चिंचवडे आहेतच. चिंच आणि वड या झाडांवरून गावाचं नाव पडलं असं जुनी मंडळी सांगतात. म्हणजे माणसाचं नाव गावावरून आणि गावाचं झाडावरून.

बरं, ही आडनावं दगडावर कोरलेली होती असंही नाही. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. नाना फडणवीस मूळचे भानू. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून शाळेत आंबडवेकर लागलं, त्याचं पुढे आंबेडकर झालं.

आपल्या पवनेकाठचं उदाहरण तर मला सगळ्यांत आवडतं. मोरगावच्या मोरेश्वरावरून मुलाचं नाव मोरया ठेवलं, ते मोरया गोसावी. त्यांची समाधी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. घराण्याचं आडनाव शाळिग्राम होतं असं सांगतात. पण मोरयांचे पुत्र चिंतामणी यांना लोक साक्षात गणपती मानून 'देव' म्हणू लागले, आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच देव झालं. लोकांनी प्रेमाने हाक मारली, त्याचं आडनाव झालं. आणि मोरया हे नाव तर आपण सगळे दर भाद्रपदात घसा बसेपर्यंत घेतो.

आपला हा पट्टा म्हणजे नावांचं संमेलनच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले, आता चाकणपर्यंत शेडच शेड. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. त्यांच्या आडनावातला 'आणी' म्हणजे अमक्याचे वंशज. केरळ-तामिळनाडूकडची मंडळी आली, त्यांचं घराचं किंवा वडिलांचं नाव इनिशियल होऊन पुढे बसलेलं. खातं उघडताना 'आडनाव' या रकान्यात काय लिहायचं, यावर काउंटरवर मोठी चर्चा चाले. बिहारचे कितीतरी जण नुसतेच 'कुमार'. जयप्रकाशांच्या आंदोलनात तिकडे अनेकांनी जात कळू नये म्हणून आडनाव टाकून दिलं होतं. त्यांच्या मुलाला आपण विचारणार, कोणापैकी?

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो.

एका शाखेत असताना एक वयस्कर बाई आल्या. यजमान नुकतेच गेलेले. माहेरच्यांनी लग्नाआधी त्यांच्या नावे ठेवलेल्या मुदत ठेवीची पावती हातात. पावतीवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावही वेगळं! लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने जे लिहिलं, तेच पुढे चाळीस वर्षं चाललेलं. लग्नाची नोंदणी नाही. दोन्ही कागद टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, या दोन्ही बायका मीच." प्रतिज्ञापत्र, ओळखीचे साक्षीदार, वरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार, असं करत पैसे मिळाले. पण स्वतःचे पैसे घ्यायला त्यांना पाच महिने चकरा माराव्या लागल्या.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. बदलायचं असेल तर जरूर बदला, पण राजपत्रात छापून घ्या आणि सगळीकडे तेच चालवा. सरकारनेही आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं आहे: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आई आडनावाच्या आधी आली, उशिरा का होईना.

आपल्या फलकाचं काय? कित्येक फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावे आहेत, कर्जाचे हप्ते दोघांनी फेडलेत. फलकावर मात्र एकच नाव, आणि काही ठिकाणी नुसतंच आडनाव. रौप्यमहोत्सवानिमित्त नवा फलक करायचं ठरलंच आहे, तर शेअर सर्टिफिकेटवर जितकी नावं आहेत तितकी सगळी, पूर्ण लिहा. दोन इंच जागा जास्त लागेल. पेंटर थोडे पैसे जास्त घेईल, त्याला माझी हरकत नाही. आणि ज्यांची आधार, पॅन आणि शेअर सर्टिफिकेटवर वेगवेगळी नावं आहेत त्यांनी ते आताच जुळवून घ्यावं, नॉमिनेशनचा फॉर्मही भरून टाकावा. मदत लागली तर संध्याकाळी मी बाकावर असतोच.

नावाच्या चिठ्ठ्या रविवारपर्यंत ऑफिसच्या पेटीत टाकायच्या आहेत. वहिनींचं नाव कसं लिहायचं, ते मात्र वहिनींनाच विचारून लिहा.