रक्ताचा कर्करोग : रुग्णालयातून घरी परतल्यानंतर



चामोर्शीजवळच वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणाऱ्या लहान पोरालाही तेथील कथा ठाऊक असते : सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन जन्मलेला मार्कंडेय, त्याला न्यायला आलेला यम आणि शिवलिंगाला मारलेली ती मिठी. ज्या घरात कोवळ्या वयाच्या लेकराला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, त्या घराला ही कथा केवळ पुराणातली राहत नाही. भेद एवढाच की, मार्कंडेयाची मिठी एका प्रसंगापुरती होती. या लेकराच्या आईबापांना ती दोन-अडीच वर्षे सैल पडू द्यायची नसते. उपचार नागपूर-मुंबईला होतात हे खरे; पण त्या काळातील बहुतेक दिवस रुग्ण आपल्याच घरी, आपल्याच गावात असतो. म्हणून या रोगाचा विचार डॉक्टरांवर सोपवून गावाला मोकळे होता येत नाही.

हा रोग एके काळी निश्चित मृत्यूचा होता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे 1931 साली वेल्समध्ये ल्युकेमियाने निधन झाले. धनाची वाण नव्हती, युरोपातील वैद्यक हाताशी होते. तरी उपाय नव्हता. पुढे दोराबजींच्या विश्वस्त निधीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. पहिला उपाय सापडला तो 1948 साली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाग्रस्त मुलांना जे औषध दिले, ते भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून आले होते. सुब्बाराव त्याच वर्षी निवर्तले. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही अभावानेच आढळते, ही खेदाची गोष्ट. पण त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आज गडचिरोलीतील रुग्ण मूलही घेते. मुंबईत डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली टाटा रुग्णालयात देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या या डॉक्टरांनी त्याच दशकात बालरुग्णांसाठी औषधांचा जो आराखडा रुजविला, त्याने पूर्वी पाचांत एखादे वाचणारे मूल निम्म्याहून अधिक संख्येने वाचू लागले.

मग आपल्या भागात अडते कुठे?

पहिली अडचण निदानाची. महाराष्ट्रातील मलेरियाचे सर्वांत मोठे ओझे गडचिरोली जिल्हा वाहतो. सिकलसेलही येथे घरोघरी ऐकू येतो. ताप, फिकटपणा, वाढलेली प्लीहा, दुखणारी हाडे ही लक्षणे त्या रोगांत दिसतात आणि ल्युकेमियातही. म्हणून गाव म्हणते, मलेरियाच आहे. अंगात रक्त कमी आहे. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु उपचार देऊनही ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठतात, मानेत गाठी येतात, तेव्हा संपूर्ण रक्तगणना व काचपट्टीची तपासणी एका दिवसाचाही विलंब न लावता करून घेतली पाहिजे. आणि हे मुलीच्या बाबतीतही! देशातील कर्करोग रुग्णालयांत मुलांच्या मानाने मुली कमी पोहोचतात. रोग मुलींना सोडून देतो असे नव्हे. घर त्यांना घेऊन निघत नाही.

दुसरी अडचण घरी परतल्यावरची. लहान मुलांतील तीव्र ल्युकेमियात पहिले काही महिने जोराचे उपचार असतात : सलाईनमधून औषधे, मणक्यातील इंजेक्शने, वारंवार भरावे लागणारे रक्त. स्टेरॉइडमुळे मुलाचा चेहरा सुजतो, ते मध्यरात्री उठून भात मागते, चिडते, रडते. ते लाडाने बिघडलेले नसते, एवढे आजीला कोणीतरी समजावून सांगावे. केस जातात, ते परत येतात. खरा धोका डोळ्यांना दिसत नाही : शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी पाणी उकळलेले, अन्न ताजे व गरम, हात साबणाने धुतलेले, झोपताना मच्छरदाणी. सर्दी-पडशाचा पाहुणा दारातूनच परत पाठवावा, मग तो कितीही मानाचा असो. मात्र मुलाला वेगळ्या ताटात, वेगळ्या कोपऱ्यात टाकू नये. हा रोग संसर्गजन्य नाही. मुलापासून जगाला धोका नसतो, जगापासून मुलाला असतो.

थर्मामीटर घरात असलाच पाहिजे. पारा 101 अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, किंवा 100.4 वर तासभर टिकून राहिला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे आणि जाता जाता उपचार करणाऱ्या केंद्राला फोन करावा. गडचिरोलीच्या पावसाळ्यात हे बोलणे सोपे, करणे कठीण. वैनगंगेला पूर येतो, नाल्यावरून पाणी जाते, रस्ते बंद होतात. म्हणून जोराच्या उपचारांचे महिने पावसाळ्यात येत असतील तर रुग्णालयाजवळ राहण्याची सोय आधीच विचारून ठेवावी. परळला रुग्ण व नातेवाइकांसाठी नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे 2006 पासून कर्करुग्ण मुलांच्या कुटुंबांना निवारा देत आली आहेत. नागपूरला तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था असल्याने प्रत्येकाला मुंबई गाठावी लागतेच असे नाही.

यानंतरचा टप्पा शांत वाटतो, आणि तोच फसवा असतो. मूल खेळू लागते, शाळेत जाते. रोज एक गोळी आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी. त्या रोज घेतल्या गेल्यास जिवावर बेतते. म्हणून तो वार भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. नेमकी याच काळात रोवणी येते, तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. हातातली मजुरी सोडून 200 किलोमीटरवरच्या नागपूरला जायचे तर बापाचे मन कचरते. ‘पोर तर बरे झाले’, असे शेजारी म्हणतात. कोणी जडीबुटी सुचवितो. देवाला नवस करावा, पुजाऱ्याचा आशीर्वाद घ्यावा. त्याने काही बिघडत नाही. गोळी बंद केल्याने बिघडते. लपून राहिलेल्या थोड्या पेशींतून रोग परततो, तेव्हा तो पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

प्रौढांतील क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची कथा वेगळी, पण फसगत तीच. इमॅटिनिबची गोळी रोज घेणारा रुग्ण शेती करतो, संसार करतो, पुष्कळदा इतरांइतकेच जगतो. तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. एवढे होऊनही ‘आता बरे वाटते’ म्हणून ती परस्पर सोडून देणारे आहेतच.

येथे गावाला काम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद, एस.टी. व रेल्वेच्या भाड्यातील सवलतीचा दाखला, ही धावपळ लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाने अंगावर घ्यावी. रोवणीच्या दिवशी शेजाऱ्यांनी त्या घराची बांधी लावून द्यावी. रक्तदात्यांची यादी तयार असावी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्या आगाऊ साठवून ठेवता येत नाहीत.

आणि उपचार संपल्यावर? टाटा रुग्णालयाने अशा मुलांसाठी 1991 सालीच स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, कारण काही औषधांचे परिणाम हृदयावर, वाढीवर पुष्कळ वर्षांनी दिसू शकतात. बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 2009 पासून काम करतो. तेथील तरुण आपला आजार उघडपणे सांगतात. आपल्याकडे मात्र मुलगी बरी झाली की आईबाप आजाराचे कागद जाळून टाकतात. स्थळे येणार नाहीत ही भीती. रक्ताचा कर्करोग सहसा आनुवंशिक नसतो आणि बऱ्या झालेल्या अनेकांना निरोगी मुले झाली आहेत. हे ठाऊक असूनही स्थळ मोडणाऱ्यांनी त्या मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवून कारण सांगून पाहावे.

ते कागद जाळू नयेत. कोणते औषध किती दिले, याची नोंद तिला तिशीत, बाळंतपणाच्या वेळी लागेल. ती फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, छप्पर गळत नसेल अशा जागी ठेवावी. आणि ती जागा घरातील आणखी एका माणसाला दाखवून ठेवावी.