मेंदू दुसऱ्यांदा वयात येतो



डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक आणि आशाताई यांच्या या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून मी थेट विषयावर येते. अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा स्मरणिकेत छापला आहे आणि मला जमला असता त्यापेक्षा चांगला लिहिला आहे.

बाळंतपणानंतर बाई बदलते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आपल्या केसपेपरवर मात्र टाके, हिमोग्लोबिन आणि अंगावरचे दूध यांपलीकडे त्या बदलाला जागा नाही. "डॉक्टर, माझं डोकंच चालत नाही" असे बाळंतीण सांगते, तेव्हा आपण लोहाची गोळी लिहून देतो. सासूबाई म्हणतात, होईल हळूहळू. दोघांचेही फारसे चुकत नाही. पण तिच्या डोक्यात खरोखर काही घडते आहे, याचा पुरावा आता आपल्यासमोर आहे आणि तो आपण वाचायला हवा.

२०१६ च्या डिसेंबरात बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या गटाचा शोधनिबंध 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आला. एल्सेलीन होकझेमा, सुसाना कार्मोना, ऑस्कर व्हिलारोया आणि त्यांचे सहकारी. त्यांनी मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या बायकांचे एमआरआय गर्भ राहण्याआधीच काढून ठेवले आणि प्रसूतीनंतर पुन्हा काढले. पहिलटकरणी २५. सोबत त्यांच्यापैकी १९ जणींचे पती आणि मूल नसलेल्या स्त्री-पुरुषांचे वेगळे गट. सगळ्या मातांच्या मेंदूतला करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, ठरावीक जागी कमी झालेला दिसला. बदल इतका ठळक होता की कोणती स्त्री बाळंत झाली आहे, हे संगणकाने नुसत्या प्रतिमांवरून एकही चूक न करता ओळखले. दोन वर्षांनी ज्या ११ जणी पुन्हा तपासणीला आल्या, त्यांच्यातही तो बराचसा टिकून होता. पुढे त्याच गटाने सहा वर्षांनंतरही त्याच्या खुणा दाखवल्या.

'गरोदरपणात मेंदू आकसतो' असे मथळे तेव्हा जगभर झळकले. बाईच्या बुद्धीवर हसायला निमित्त लागतेच कुठे! त्याच निबंधात मातांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्याही होत्या आणि त्यांत काही घट आढळली नव्हती. ते मथळ्यात आले नाही. कमी झालेले भाग कोणते, हेही आले नाही. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते ताडण्यासाठी आपण मेंदूचे जे भाग वापरतो, त्यांच्याशी ते बऱ्याच अंशी जुळणारे होते. आईला स्वतःच्या बाळाचा फोटो दाखवला की यांतलेच काही भाग जोरात चेतत. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही प्रश्नावलीवर जास्त भरली.

कमी झाले म्हणजे बिघडले का? याचे उत्तर किशोरवयाने आपल्याला आधीच दिले आहे. १९७९ मध्ये पीटर हटनलॉकर यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंतले चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. लहान मुलाच्या पुढच्या मेंदूत ते प्रौढापेक्षा कितीतरी जास्त निघाले. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी वाढत्या मुलांचे एमआरआय वारंवार काढून दाखवले की पुढच्या भागातले ग्रे मॅटर मुलींत साधारण अकराव्या आणि मुलांत बाराव्या वर्षी शिगेला पोचते आणि मग उतरू लागते. म्हणजे दहावी-बारावीच्या वर्षांत, आपण ज्याला बुद्धी फुटण्याचे वय म्हणतो त्या वयात, मेंदूचा हा भाग आकारमानाने घटत असतो. त्यावर कुणी 'शिक्षणाने मेंदू आकसतो' असा मथळा दिला नाही.

हे दोन धागे २०१९ मध्ये कार्मोना यांनी एकत्र आणले. २५ पहिलटकरणी आणि वयात येणाऱ्या २५ मुली यांच्या मेंदूतले बदल त्यांनी शेजारीशेजारी मांडले. दर महिन्याला होणारी घट दोन्ही गटांत जवळजवळ सारखी निघाली. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घड्यांमधले फरकही एकाच वळणाचे होते. दोन्ही वेळी अंगात संप्रेरकांचा पूर आलेला असतो. दोन्ही वेळी माणूस नव्या नात्यांसाठी तयार होत असतो.

ही घट समजावताना नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना मी द्राक्षबागेचे उदाहरण देते. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमधली गोडी छाटणी फळासाठी. छाटलेली बाग पाहून ती वाळली, असे कुणी शेतकरी म्हणत नाही. पण उदाहरण इथेच थांबवते, कारण आपण शास्त्राची माणसे आहोत. एमआरआयवर चेतासंधी दिसत नाहीत. दिसते ते आकारमान, आणि त्यात पाणी, रक्त, आधारपेशी सगळ्यांचाच वाटा असतो. गरोदरपणात नेमकी चेतासंधींची छाटणीच होते, हे अजून सिद्ध झालेले नाही. तसा अंदाज करायला चांगला आधार आहे, एवढेच आपण रुग्णाला सांगावे.

२०२४ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्येच आणखी एक काम आले. कॅलिफोर्नियातल्या मेंदूशास्त्रज्ञ एलिझाबेथ क्रॅस्टिल यांनी गर्भधारणेच्या तीन आठवडे आधीपासून प्रसूतीनंतर दोन वर्षांपर्यंत स्वतःच्याच मेंदूचे २६ स्कॅन करवून घेतले. ग्रे मॅटर महिन्यागणिक उतरत गेले. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची बांधणी मात्र दुसऱ्या तिमाहीपर्यंत भक्कम होत गेली आणि प्रसूतीपर्यंत पूर्ववत झाली. नुसते आधीचे आणि नंतरचे असे दोनच स्कॅन काढले असते, तर ही चढउतार कधी कळलीच नसती. एका बाईवरून नियम करता येत नाही, पण पुढे काय शोधायचे ते एक बाई दाखवू शकते.

आता बापांकडे वळू. बार्सिलोनाच्या पहिल्या अभ्यासात बापांच्या मेंदूत फरक दिसला नव्हता आणि 'आईपण उपजत' म्हणणाऱ्यांना बरे वाटले होते. २०२२ मध्ये स्पेन आणि कॅलिफोर्निया मिळून ४० नव्या बापांचे स्कॅन तपासले, तेव्हा त्यांच्यातही घट दिसली. आईपेक्षा बरीच कमी, पण होती. त्याआधी २०१४ मध्ये इस्रायलच्या रूथ फेल्डमन यांच्या गटाने आईशिवाय मूल वाढवणाऱ्या बापांचा अभ्यास केला. जो बाप बाळाचे प्रत्यक्ष जितके जास्त करतो, तितकी त्याच्या मेंदूतली भावनेची आणि समजुतीची केंद्रे एकमेकांशी अधिक घट्ट जोडलेली होती. जे रोझेनब्लाट यांनी तर १९६७ मध्येच दाखवले होते की कधीही न व्यालेल्या माद्या आणि नर उंदीरसुद्धा पिलांच्या सहवासात आठवडाभर ठेवले की त्यांना गोळा करू लागतात, चाटू लागतात. गर्भारपणाची संप्रेरके मेंदूला तयार करतात. सहवासही करतो, फक्त सावकाश.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मी या प्रथेच्या विरोधात नाही. शेकशेगडी, तेल-मालिश आणि अळिवाच्या खिरीपेक्षा तिला तिथे झोप मिळते, हे मोठे आहे. पण बाप बारशाला पाहुण्यासारखा येतो आणि बाळ हातात धरून फोटो काढून परत जातो. सहवासाचे दिवस असे निघून जातात आणि मग आपण म्हणतो, पुरुषाला मुलाचे कळत नाही. कायद्याने २०१७ पासून आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारी नोकर बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. हे चुकीचे आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणते.

ज्या मुद्द्यासाठी हा विषय निवडला, तो अजून पुढेच आहे. मातांवरचे हे सारे अभ्यास मुख्यतः स्पेन, नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या, ठरवून आई झालेल्या, सज्ञान बायकांवर झाले. त्यांच्या बाबतीत किशोरवय आणि आईपण ही मेंदूची दोन स्थित्यंतरे एकामागून एक आली. आपल्याकडे अनेक मुलींत ती एकाच वेळी येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या वा गरोदर होत्या. बीड, परभणीत बालविवाहाचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे होते. ऊसतोडीला जाताना मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून लग्न उरकतात. आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे 'कोयत्याला'. अंगणवाडीच्या रजिस्टरात ती कालपर्यंत किशोरी असते, आज गरोदर माता. रकाना बदलला म्हणून तिचे सतरावे वर्ष संपत नाही.

इथे मला एक धोका दिसतो. उद्या कुणीतरी याच शोधांचा हवाला देऊन म्हणेल की अशा मुलीचा मेंदू आईपणाला लायकच नसतो. असे कोणत्याही स्कॅनने दाखवलेले नाही. बालविवाह वाईट आहे हे सांगायला एमआरआय लागत नाही. तिचा रक्तक्षय, सुटलेली शाळा आणि कमी वजनाचे बाळ पुरेसे आहेत. मेंदूविज्ञान आपल्याला वेगळेच सांगते. जो मेंदू घडतो आहे तो आजूबाजूच्या वागणुकीनेही घडतो, आणि या मुलीच्या बाबतीत तो काळ दुहेरी आहे. म्हणून तिला टोमणे कमी आणि आधार जास्त मिळायला हवा.

तो आधार कुठून येणार? आधी गरज किती मोठी आहे ते पाहू. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० मातांचा पाठपुरावा केला. २००२ च्या त्यांच्या निबंधानुसार प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांनी ते वाढत होते. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातही आकडा २२ टक्क्यांचाच आला. साधारण पाचातली एक. आपल्या प्रसूतिगृहातून गेल्या आठवड्यात घरी गेलेल्यांमध्येही ती आहे, आणि आपण तिला काही विचारलेले नाही.

विचारण्याची सोय मात्र तयार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरच्या नवजात बाळसेवेचा प्रयोग केला. त्यातून देशभर आलेल्या योजनेत आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा बाळंतिणीच्या घरी जातात. बाळंतपण घरी झाले असेल तर सात वेळा. बाळाचे वजन होते, ताप मोजला जातो. त्याच भेटीत आईला दोन प्रश्न विचारता येतील. गेल्या महिन्यात मन सारखे खिन्न, हताश वाटत होते का? कशातच गोडी वाटेनाशी झाली आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी आणि तालुक्याच्या समुपदेशकाकडे पाठवावे. प्रश्न सासूबाईंसमोर विचारायचे नाहीत, एवढे पथ्य. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा, हे मला माहीत आहे. म्हणून या कामाचा वेगळा मोबदलाही मागायला हवा.

उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. गृहभेटींत आईसाठी हे दोन प्रश्न सक्तीचे करावेत. वीस वर्षांखालील प्रत्येक मातेची नोंद समुपदेशकाकडे आपोआप जावी. बापाच्या पगारी रजेचा कायदा व्हावा. कार्यकारिणीतल्या काहींना तिसरी मागणी आपल्या कक्षेबाहेरची वाटते, असे कानावर आले आहे. त्यांनी उद्या जरूर बोलावे. बाकीच्यांनी जेवणाआधी निघून जाऊ नये. ठराव मतदानाला येईल तेव्हा सभागृहात हात मोजायचे आहेत.