निर्ढावलेले जंतू आणि बुळबुळीत थर
(खजुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर मी जंतूंविषयी बोलणार आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. साहित्याचा अभ्यासक नाही. परंतु माझ्या विषयात शब्द चुकला की समज चुकते, समज चुकली की उपचार चुकतो, आणि मधुमेही माणसाचा त्यात कधी पायही जातो. म्हणून हा विषय इथे मांडतो.

अँटिबायोटिकला आपण प्रतिजैविक म्हणतो. जंतू या औषधाला दाद देईनासे झाले की त्याला 'प्रतिजैविक-प्रतिकार' असे लिहिले जाते. आता प्रतिकार हा आपल्याकडे चांगल्या अर्थाचा शब्द. रोगप्रतिकारशक्ती वाढावी असेच सर्वांना वाटते. त्यामुळे वाचणाऱ्याला हा प्रतिकार माणसाच्या अंगातला वाटतो. घरोघरी बोलतातही तसेच: "अंगाला औषधाची सवय झाली." खरे तर बदल अंगात होत नाही, जंतूंमध्ये होतो. औषधाच्या माऱ्यातून जे तगतात त्यांचीच प्रजा वाढते, आणि तेच जंतू शेजाऱ्याच्या घरी, दवाखान्यातल्या पुढच्या खाटेवर पोचतात. यासाठी आपल्या बोलीत नेमका शब्द आहे : निर्ढावणे. 'औषधाला निर्ढावलेले जंतू' म्हटले, की दोष कोणाकडे आहे हे सातवीतल्या मुलालाही कळते.

हा प्रश्न लहान नाही. 2022 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2019 या एका वर्षात अशा जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला, तेव्हा पेनिसिलिन हे नवलाचे औषध होते. पण त्याआधीच, 1945 मध्ये, पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनी नोबेल व्याख्यानात बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात.

मात्र औषध लागू न पडण्याचे दुसरेही कारण असते, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेत जंतू औषधाने मरतो, पण तोच जंतू त्याच रोग्याच्या जखमेत मरत नाही. तो निर्ढावलेला नसतो, तो लपलेला असतो.

रांजण पुष्कळ दिवस घासला नाही, तर आतून बोटाला बुळबुळीत लागते. तो जंतूंचा थर. जंतू पृष्ठभागाला चिकटतात आणि साखरी द्रव्ये, प्रथिने व डीएनए यांचा चिकट लगदा भोवती रचून त्यात वस्ती करतात. इंग्रजीत याला बायोफिल्म म्हणतात. आपण जैवपटल म्हणू. दातांवरचा चिकट थर हेही जैवपटलच. तो साचून कडक झाला की त्याचे कीटण होते. लेव्हेनहूक या डच संशोधकाने सतराव्या शतकातच पाहिले होते, की व्हिनेगरने दातांवरच्या थरातले बाहेरचे जीव मरतात, आतले तगतात.

आतले का तगतात? काही औषधे त्या लगद्यातच अडकतात. खोलवर अन्न आणि प्राणवायू कमी, म्हणून तिथले जंतू जवळजवळ निजलेले असतात. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधताना तिच्यावर घाव घालते; जो बांधकामच करत नाही, त्याच्यावर घाव कसा बसणार? औषध थांबले की हे निजलेले जागे होतात. मोकळ्या जंतूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्राही थरातल्या जंतूला कधी कधी पुरत नाही. एवढे औषध माणसाला सोसत नाही.

म्हणून "जास्त पावरची गोळी द्या" ही मागणी इथे निरुपयोगी ठरते. रांजणात नुसती तुरटी फिरवून थर जात नाही. आधी घासावे लागते. मधुमेहातल्या पायाच्या जखमेत हा थर असतो. डॉक्टर मेलेला भाग खरवडून काढायचे म्हणतात, तेव्हा घरचे घाबरतात : "आधीच जखम, त्यात आणखी कापाकापी कशाला?" पण ते खरवडणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. थर मोडला की उरलेल्या जंतूंना औषध भिडते. लघवीच्या नळीत थर धरला असेल तर नळी बदलावी लागते. कृत्रिम सांध्यावर धरला तर कधी सांधाही काढावा लागतो.

नवे मार्गही शोधले जात आहेत. थराचा लगदा विरघळवणारी विकरे आहेत, जंतूंचे आपसातले रासायनिक निरोप तोडणारी द्रव्ये आहेत. जंतूंनाच खाणारे विषाणूही आहेत. हॅन्किन यांनी 1896 मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्याचा जंतुनाशक गुण नोंदवला. 1917 मध्ये देरेल यांनी अशा विषाणूंना बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. जॉर्जियात हा उपचार अनेक दशके चालू आहे. आपल्याकडे तो अजून नेहमीच्या दवाखान्यापर्यंत आलेला नाही.

आता आपल्या सीमाभागाचे. इथला रोगी कधी उमरग्याला जातो, कधी सोलापूरला, कधी कलबुर्गीला. डॉक्टर कन्नडात बोलतात, चिठ्ठी इंग्रजीत असते, घरात मराठी, शेजारी दख्खनी. शेवाळाला कन्नडात पाची आणि दख्खनीत काई म्हणतात. जैवपटल म्हणजे शेवाळ नव्हे, पण "शेवाळासारखा थर धरलाय, आधी तो काढू" एवढे तिन्ही भाषांत सांगता आले, तर सही देताना घरच्यांचा हात अडखळणार नाही.

अकादमीला माझी विनंती एवढीच : दवाखान्यात लागणाऱ्या अशा शब्दांची एक छोटी मराठी-कन्नड-दख्खनी पुस्तिका काढावी. तिच्या पहिल्या पानावर तीन वाक्ये असावीत. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. आणि जखम खरवडायची म्हटली तर घाबरू नये, का ते विचारावे.

परिभाषा कोशात असावीच, पण ती खाटेजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडी आली पाहिजे.