पाव इंची, चोवीस व्होल्ट



अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. व्यवस्था चोख आहे, सकाळी आमोण्याच्या बेताळाला हात जोडून आलो आहे, तेव्हा प्रथा पुरी झाली. पत्रिकेत माझा विषय ‘औद्योगिक दाबहवा : आढावा आणि आव्हाने’ असा छापला आहे. आढावा मी लिहूनही आणला होता, बावीस पानं. तो सचिवांच्या हवाली करतो. स्मरणिकेत घाला नाहीतर ठेवून द्या. आज मला इंडेंटवरच्या, म्हणजे खरेदीच्या मागणीपत्रावरच्या, एका ओळीबद्दल बोलायचं आहे. छत्तीस वर्षं ती वाचत आलो, आणि एवढी माणसं समोर गप्प बसलेली पुन्हा मिळतील असं वाटत नाही.

ती ओळ अशी : ‘सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पाव इंची, चोवीस व्होल्ट, नग दोन.’

वधूवरसूचक मंडळात कोणी ‘मुलगा, पाच फूट सात इंच, नग एक’ असं लिहून देईल काय? व्हॉल्व्हच्या बाबतीत आपण रोज देतो.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह म्हणजे विजेच्या कॉइलने हवेची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, आणि पाव इंच हे त्याच्या आट्यांचं माप आहे. आतून किती हवा वाहील, याच्याशी त्याचं नातं लांबचं. शंभर मिलिमीटर बोअर आणि पाचशे मिलिमीटर स्ट्रोकचा सिलिंडर घ्या. त्याच्या पोटात जवळजवळ चार लिटर जागा. सहा बार दाबाला, मोकळ्या हवेच्या हिशेबात, ती भरायला सत्तावीस-अठ्ठावीस लिटर हवा लागते. दांडा एका सेकंदात बाहेर यायला हवा असेल तर मिनिटाला सोळाशे-सतराशे लिटर सोडणारा व्हॉल्व्ह पाहिजे. पाव इंची आट्यांत सातशे लिटरचाही मिळतो, चौदाशेचाही. परचेसवाला सातशेचा आणतो, कारण तो स्वस्त असतो आणि इंडेंटमधली अक्षरं त्यालाही तंतोतंत लागू पडतात. मग सिलिंडर रेंगाळतो, कोणीतरी कॉम्प्रेसरचा दाब एका बारने वाढवतो, आणि विजेचा खर्च सहा-सात टक्क्यांनी चढतो. व्हॉल्व्हवर वाचवलेले पैसे वीजखात्याला जातात.

पण माझं दुःख पैशाचं नाही. ते एका रात्रीचं आहे. कारखान्याचं नाव घेत नाही, त्यातली माणसं अजून भेटतात. हॉपरखालचं एक गेट होतं. त्यावरचा व्हॉल्व्ह पाच-दोनचा, म्हणजे पाच तोंडं आणि दोन स्थितींचा, एका कॉइलचा आणि स्प्रिंगचा. वीज गेली की स्प्रिंग स्पूलला, आतल्या सरकत्या गाभ्याला, मागे ढकलणार आणि गेट मिटणार, असा बेत. तो व्हॉल्व्ह बिघडला. स्टोअरमध्ये त्याच आट्यांचा, पण दोन कॉइलचा पडला होता. दोन कॉइलच्या पाच-दोन व्हॉल्व्हला स्प्रिंग नसते. वीज गेली तर तो होता तिथंच थांबतो. फिटरने बसवला. एका कॉइलवर गेट उघडतं, दुसरीवर मिटतं, दोन्ही करून पाहिलं आणि खाली सही झाली. ती सही माझी होती.

जुलै महिना, रात्रीचे दीड. वीज गेली. गेट उघडं होतं, ते उघडंच राहिलं. रिसीव्हरमधली हवा त्याला इमानेइतबारे उघडं धरून उभी. अंधारात माल सरसर पडतोय, एवढाच आवाज. आमचा म्हातारा फिटर मला ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणायचा. त्या रात्री त्याने काहीच म्हटलं नाही, हातात फावडं दिलं. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. उजाडेपर्यंत उपसत होतो.

आटे जुळले नसते तर तो व्हॉल्व्ह बसलाच नसता.

आता सकाळच्या सत्राबद्दल. धातूचा स्पूल बरा की रबरी सीलचा, यावर दोन विद्वानांनी पाऊण तास घेतला. कॅटलॉग दोघांचेही वाचून झालेले दिसले. मी एवढंच विचारतो, लाइनच्या शेवटच्या टोकाचा ड्रेन कोणी उघडून पाहिला होता का? मी खिशात पांढरा रुमाल ठेवत असे. ड्रेनखाली धरायचा. नुसतं पाणी आलं तर ड्रायर पाहा. तांबूस भुकटी आली तर जुना पाइप आतून गंजतोय, आणि चुस्त बसवलेला धातूचा स्पूल तिथं महिनाभरात अडकणार. तिथं पॉपेट, म्हणजे बुचासारखा उघडमिट होणारा व्हॉल्व्ह, घाला, तो घाण सोसतो. तेलकट डाग आला तर कॉम्प्रेसरमध्ये कोणतं तेल आहे ते आधी विचारा. काही सिंथेटिक तेलांनी नायट्राइल रबर फुगतं आणि स्पूल हलेनासा होतो. मग आपण कॉइल बदलतो, कारण कॉइल बदलणं सोपं असतं. वाद मिटवायला रुमाल पुरतो.

आपल्याकडे पाण्याचा मामला वेगळाच. पावसाळ्यात तीस अंश तापमानाला, नव्वद टक्के आर्द्रतेला, घनमीटरभर हवेत सत्तावीस ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला दहा घनमीटर ओढणारा कॉम्प्रेसर म्हणजे तासाला सोळा लिटर पाणी पिणारा प्राणी. सात बारला दाबून चाळीस अंशांपर्यंत थंड केलं की त्यातलं बारा लिटर आफ्टरकूलरपाशीच सुटतं. उरलेलं चार लिटर लाइनमधून पुढं जातं, आणि तिथं ड्रायर नसेल तर पाइप रात्री निवला की व्हॉल्व्हच्या पोटात उतरतं. युरोपातला कॅटलॉग लिहिणारा डिचोलीत श्रावणात राहिलेला नसतो.

धूळ आमची ओळखीची. खाण पट्ट्यातली माणसं आपण, लाल मातीचं वेगळं कौतुक काय करायचं! पण व्हॉल्व्हला एक्झॉस्टच्या भोकातूनही श्वास असतो, हे विसरतो. एकतर्फी सिलिंडर स्प्रिंगने परततो तेव्हा स्प्रिंगकडची बाजू बाहेरची हवा आत ओढते, धुळीसकट. आणि सायलेन्सर लाल धुळीने बुजला की हवा बाहेर पडेना, सिलिंडर सुस्तावतो. फिटर म्हणायचा, “पात्रांव, वारो पावना.” वारा पोचत होता. निघत नव्हता.

या आमोण्यात १९९२ पासून पिग आयर्न तयार होतं. झोतभट्टीच्या मोठ्या वाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्याच्यावर प्रबंध निघतात. सहा-सात बारचा धाकटा वारा धुराच्या पिशव्या झटकतो, गेटं हलवतो, आणि थांबला तरच आठवतो.

तरुणांना एक सांगतो. सोमवारी सकाळी शटडाऊननंतर कॉइल ‘टक्’ म्हणते आणि सिलिंडर ढिम्म राहतो. स्क्रू ड्रायव्हर लगेच काढू नका. पायलटच्या व्हॉल्व्हला स्पूल ढकलायला लाइनमध्येच साधारण दीड-दोन बार हवा लागते. रिसीव्हर अजून भरायचा आहे. मी माझ्या पहिल्या वर्षी असे तीन चांगले व्हॉल्व्ह भंगारात टाकले. चहा प्या, गेज पाहा, मग हात लावा.

काय करायचं, असं विचाराल. इंडेंटचा एक नवा नमुना करायचा आहे. त्यात प्रवाह, हवेचा दर्जा, सीलचं रबर, आजूबाजूचं तापमान, असे काही रकाने असावेत. आणखी काय ते समिती ठरवील. समिती कोणाची, तेही नंतर बघू. आयएसओ ५५९९ च्या बेसवर बसणारे व्हॉल्व्ह वापरले तर एका कंपनीचा काढून दुसरीचा बसतो, हे सोयीचं. पण बसतो म्हणून चालतो असं नाही, हे तिथंही आलंच. एक रकाना मात्र मी आजच मागतो, समितीची वाट न पाहता : ‘वीज गेल्यावर गेट कुठं जाईल?’ हे ज्याला लिहिता येत नाही त्याने सही करू नये.

त्या रात्रीचा व्हॉल्व्ह मी आज बरोबर आणला आहे, चहाच्या टेबलावर ठेवलाय. हातात घेऊन पाहा. एक कॉइल जळली आहे, दुसरी चालते, आटे नवे असल्यासारखे आहेत.