अर्ध्या ओळी म्हणजे अर्धी शाल नव्हे

सध्या सुयांवर दोन कामं आहेत.

पहिलं, आईची त्रिकोणी शाल. मानेपाशी 7 टाके घालून सुरुवात, मग दर दोन ओळींना 4 टाके वाढवायचे. 60 व्या ओळीला 127 टाके, 120 व्या ओळीला 247. ओळ लांबतच जाते. त्यामुळे 120 पैकी 60 ओळी झाल्या, तरी शाल जेमतेम पावच झालेली असते! म्हणून लोकर पुरेल का, हे किचनच्या वजनकाट्यावर बघायचं. माझ्याकडे 200 ग्रॅम होती, 60 ओळींत 50 गेली. दुप्पट ओळींना साधारण चौपट, म्हणजे 120 ला सगळी संपणार. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा जुळेलच असं नाही. म्हणून 110 वर थांबणार. टाके बंद करायलाही लोकर लागते ना!

दुसरं, आजोबांचे मोजे. त्यांना मधुमेह आहे, पाय सुजतात, विकतच्या मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ उठतात. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते, शिवण घासून जखम झाली तरी कळत नाही. म्हणून गोल विणतोय, शिवणच नाही. पनवेलच्या दमट हवेत लोकरीऐवजी सूत बरं. पण सूत फारसं ताणत नाही. मग घोट्यापर्यंत दोन सुलट, दोन उलट. ही वीण स्वतःच ताणली जाते.

एक मोजा झालाय. आजोबांनी दिवसभर घातला, रात्री पाय बघितला. वळ नाही!

आता दुसरा. तुमच्या सुयांवर काय आहे? नक्की कळवा.