फ्राइड चिकन आणि कढईच्या तळाची ग्रेव्ही



तीस वर्षं पायदळात नोकरी करून मी कर्नल म्हणून निवृत्त झालो. आता महूला असतो. आज लढाईच्या गोष्टी नाहीत. आज विषय आहे घरी केलेलं फ्राइड चिकन, ग्रेव्हीसकट. कर्नल आणि फ्राइड चिकन म्हटल्यावर काही जण हसले असतील, म्हणून तो हिशेब आधी मिटवतो.

बादलीवर ज्यांचा चेहरा असतो ते हारलँड सँडर्स मानद कर्नल होते. अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे गव्हर्नर हा सन्मान देतात. सँडर्सना तो १९३५ साली मिळाला. तरुणपणी थोडा काळ ते फौजेत होते, पण साधे शिपाई म्हणून. १९३०पासून कॉर्बिन गावात पेट्रोल पंप चालवता चालवता ते प्रवाशांना जेवू घालत. पुढे धंदा वाढला आणि १९६४ साली त्यांनी कंपनी विकून टाकली. त्यानंतर त्यांनी जाहीरपणे तक्रार केली ती ग्रेव्हीची. ती पूर्वीसारखी राहिली नाही, हे त्यांना सहन होईना.

ही गोष्ट मी का सांगितली? आपण फ्राइड चिकनमध्ये बघतो ते कुरकुरीत आवरण. पण स्वयंपाक्याचा कस लागतो ग्रेव्हीत. आणि नेमकी तीच बाहेरून मागवलेल्या डब्यात नीट मिळत नाही.

हा पदार्थ सँडर्सच्या कितीतरी आधीचा. मेरी रँडॉल्फ यांचं 'द व्हर्जिनिया हाउस-वाइफ' हे पाकपुस्तक १८२४ साली निघालं. त्यात कोंबडीचे तुकडे मैद्यात घोळवून, मीठ लावून, डुकराच्या उकळत्या चरबीत तळायला सांगितलंय. वरून ओतायला दूध, लोणी, मिरी आणि पार्सली. म्हणजे ग्रेव्ही दोनशे वर्षांपूर्वीही होती. पण त्या काळी व्हर्जिनियातल्या मोठ्या घरांत चुलीपाशी उभ्या असायच्या त्या बहुतेक आफ्रिकी वंशाच्या गुलाम बायका. पुस्तकावर मालकिणीचं नाव, हातांना चटके दुसऱ्याच कुणाला.

१८६५ साली गुलामगिरी संपली. त्याच व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं रेल्वे जंक्शन आहे. गाड्यांना तेव्हा जेवणाचे डबे नसत. गाडी थांबली की या बायका डोक्यावर तळलेल्या कोंबडीची ताटं घेऊन फलाटावर यायच्या आणि खिडकीतून प्रवाशांच्या हातात द्यायच्या. आपल्याकडे कर्जतला गाडीला मागचं इंजिन लागेपर्यंत वडेवाले धावतात, तसंच. त्या कमाईवर या बायकांनी संसार उभे केले, काहींनी घरंही बांधली. आज जगभर हा पदार्थ ज्या नावाने विकला जातो, त्यात त्यांचं नाव कुठे नाही. निदान आपल्याला ते ठाऊक असावं.

आता कामाला लागू.

पहिली अडचण कोंबडीवाल्याकडे येते. आपल्याकडे न विचारता कातडी काढतात आणि रश्श्यासाठी बारीक तुकडे करतात. आधीच सांगा, कातडीसकट, मोठे आठ तुकडे. दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे दोन. साधारण सव्वा किलोची कोंबडी घ्या. पाठ आणि मान टाकू नका, घरी आणा. घरी आल्यावर कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. उडालेल्या थेंबांबरोबर जंतू ओटाभर पसरतात. कागदाने टिपून घ्या.

अमेरिकेत तुकडे ताकात भिजवतात, पण त्यांचं ताक दाट असतं. आपलं पातळ ताक चालणार नाही. पाव किलो दही, पाव वाटी पाणी घालून घुसळा. त्यात चहाचे तीन सपाट चमचे मीठ, मिरपूड आणि थोडं काश्मिरी तिखट. तुकडे त्यात बुडवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. ओट्यावर नको, फ्रिजमध्येच. मीठ आत मुरतं आणि मांस तळताना आपलं पाणी धरून ठेवतं. दह्याच्या आंबटपणाने ते मऊ पडतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, मीठ आणि भरपूर मिरपूड एकत्र करा. त्यात भिजवणातले दोन-तीन चमचे शिंपडून बोटांनी चोळा, बारीक गोळ्या होतात. याच गोळ्या पुढे कुरकुरीत होतात. तुकडे पिठात दाबून घोळवा आणि वीस मिनिटं जाळीवर राहू द्या. ही वीस मिनिटं वाचवली तर आवरण तेलात सुटून येतं.

बिडाची कढई असेल तर उत्तम, कारण बीड उष्णता धरून ठेवतं. अमेरिकेतही बिडाचंच भांडं वापरतात. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल एक इंच भरेल एवढं घाला. कढई अर्ध्याच्या वर भरू नका. तेल १७० अंश सेल्सियसला आलं की चार तुकडे सोडा. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा तुकडा टाकून बघा, मिनिटभरात तांबूस झाला पाहिजे. कोंबडी सोडल्यावर तेल थंडावतं. ते १५० ते १६०च्या दरम्यान राहील असा गॅस ठेवा. मांड्या आणि तंगड्यांना सगळी मिळून पंधरा मिनिटं, छातीला बारा, पंखांना दहा. अधूनमधून उलटा. रंगावर विश्वास ठेवू नका, बाहेरून सोनेरी दिसलेलं आतून कच्चं असू शकतं. जाड भागात हाडाजवळ ७४ अंश भरले पाहिजेत. बाहेर काढून पुन्हा जाळीवरच ठेवा. कागदावर ठेवलं तर खालची वाफ आवरण भिजवते.

दोन सूचना, आणि या मी फौजी आवाजात देतो. सँडर्सनी १९३९ साली प्रेशर कुकरमध्ये कोंबडी तळायला सुरुवात केली, हे खरं आहे. हॉटेलांत आज त्यासाठी खास यंत्रं असतात. घरातल्या कुकरमध्ये झाकण लावून तळण कधीही करू नका. त्याची रबरी रिंग आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या वाफेसाठी बनलेत, उकळत्या तेलासाठी नाहीत. दुसरी सूचना, तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि कढई जागची हलवायची नाही.

आता ग्रेव्ही. तळून झालं की कढईच्या तळाशी पिठाचे तपकिरी कण बसलेले दिसतील. बहुतेक जण इथे भांडं घासायला टाकतात. थांबा, कोंबडीची, मिठाची, भाजलेल्या पिठाची सगळी चव तिथे उतरलेली असते. तेल थोडं निवलं की काढून घ्या, चार मोठे चमचे आणि ते कण कढईत राहू द्या. कण काळे झाले असतील तर मात्र टाका, ग्रेव्ही कडू होते. मंद आचेवर चार मोठे चमचे मैदा घालून दोन-तीन मिनिटं परता. पिठाच्या प्रत्येक कणाला तेल लागलं की गुठळी होत नाही. पिठल्याची भीती ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवा. मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं ओतत ढवळत राहा आणि तळ उलथन्याने खरवडत राहा. पाच मिनिटं उकळली की दाट होते. मीठ चाखून घाला, मिरपूड हात सोडून.

आपल्यापैकी अनेक घरांत मांसाबरोबर दूध चालत नाही. हरकत नाही. पाठ आणि मान पाऊण तास उकळा आणि दुधाऐवजी ते पाणी वापरा. रंग तपकिरी येईल, चव उलट भरीव. वाढताना ग्रेव्ही वाटीत द्या, तुकड्यांवर ओतू नका.

फौजेत ड्युटी ऑफिसर लंगरमध्ये जाऊन जवानांचं जेवण चाखतो. मी चाखायचो आणि डेगचीच्या तळाकडेही बघायचो. तळ करपलेला नसेल, तर लंगर कमांडरचं काम नीट चाललंय असं समजायचं. पण चाखणं वेगळं आणि करणं वेगळं. तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझ्या पोस्टिंगच्या सगळ्या वर्षांत हिने एकटीने घर सांभाळलं, मुलं वाढवली, रोजचा स्वयंपाक केला. आता तिला आठ आठवडे ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. सहायक नाही, मेस नाही. रोज फोनवरून जेवण मागवायचं, की चूल हातात घ्यायची? मी चूल घेतली. वरण-भातापासून सुरुवात झाली, आणि रविवारी फ्राइड चिकनपर्यंत आलो. ती बरी झाली, पण रविवार माझ्याकडेच राहिला. सुट्टीत बेंगळुरूहून नातू येतो तेव्हा ग्रेव्ही तो ढवळतो. बादली मागवायचा हट्ट आता तो करत नाही.

माझ्या वयाच्या पुरुषांना माझं सांगणं एवढंच. ज्या हातांनी तुम्हाला चाळीस वर्षं वाढलं, त्या हातांना एक दिवस विश्रांती लागणार आहे. त्या दिवसाची वाट बघू नका. येत्या शनिवारी रात्री कोंबडी दह्यात घाला. रविवारी पहिली वाटी तिला द्या, आणि नंतर कढईही तुम्हीच घासा.

जय हिंद.