मुदतीचा अर्ज कसा लिहायचा

आज जरा कामाचं बोलूया. आपल्या भागात बऱ्याच घरांत कोर्टाची एखादी तारीख चालूच असते. कुणाची जमिनीची वाटणी, कुणाच्या अंगावर मोर्चातली केस. आणि ती तारीख नेमकी पोराच्या परीक्षेदिवशी पडते. मी बरीच वर्षं वकिलांकडं कारकुनी केली, असले अर्ज रोज लिहिले. त्यावरून सांगतो.

आधी एक फरक डोक्यात बसवा. तुम्ही आरोपी असाल आणि फक्त तुम्हाला यायला जमणार नसेल, तर मागायची ती हजेरी माफी. वकील हजर असतील तर तुमच्याशिवाय त्या दिवशीचं काम चालवायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. नव्या संहितेत ते 355 कलम. कामच पुढं ढकलायचं असेल, तर मुदतीचा अर्ज. पोरं दोन्हींची गल्लत करतात. नुसत्या हजेरीचा प्रश्न असताना मुदत मागून केस लांबवू नका, तिचा त्रास शेवटी तुम्हालाच की ओ!

मुदत काय हक्काची नाही. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला 3 पेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 17 सांगतो. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे कारण तिथं चालत नाही. फौजदारीत 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेचं 346 कलम आहे: कारण तुमच्या हाताबाहेरचं असेल तर मुदत, तीही 2 पेक्षा जास्त नाही. साक्षीदार येऊन बसला असेल तर मुदत मिळणं आणखी अवघड. म्हणून किरकोळ कारणासाठी मुदत खर्चू नका.

आता अर्ज. वर कोर्टाचं नाव, केस नंबर, दोन्ही पक्ष, आजची तारीख कशासाठी आहे ते. मग कारण, दोन-तीन वाक्यांत. ‘काही घरगुती अडचणींमुळे’ असं कधीच लिहू नका, त्यातून न्यायाधीशांना काही कळत नाही. ‘अर्जदाराची पदवीची सेमिस्टर परीक्षा त्याच दिवशी सकाळी दहा वाजता आहे, हॉल तिकीट सोबत जोडले आहे’, एवढं पुरे. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला. शेवटी मागणी स्पष्ट: पुढची तारीख द्यावी. रडगाणं नको. आणि खोटा दाखला तर अजिबात नको, पुढं तुमच्या खऱ्या कारणावरही कोण विश्वास ठेवणार नाही.

न्यायाधीशांच्या नावानं घरून परस्पर पत्र पाठवायचं नाही. अर्ज वकिलांमार्फत जातो, समोरच्या वकिलांना त्याची प्रत मिळते, त्यांचं म्हणणंही ऐकलं जातं. कागद त्यांच्या हाती आठवडाभर आधी द्या, पुकाऱ्याच्या वेळी नको.

भाषेचं सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कोर्टात अर्ज कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत जातो. तरी आधी तो मराठीत स्वतः लिहा. तयार झालेला कागद मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नाही म्हणून सही ठोकणारी म्हातारी माणसं मी पुष्कळ बघितली. तुम्ही शिकलेले आहात, घरातल्या आजी-आजोबांचे कागदही तुम्हीच वाचायला पाहिजेत.

अर्ज दिला म्हणजे तारीख बदलली असं नव्हे. हुकूम होईपर्यंत जुनीच तारीख खरी. अर्ज नामंजूर झाला आणि वकीलही नसले, तर आरोपीवर वॉरंट निघू शकतं, दिवाणीत वादी असाल तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो, प्रतिवादी असाल तर एकतर्फी चालतो. त्या संध्याकाळी वकिलांना फोन करा, नाहीतर ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघा. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता वह्या काढा. तारीख कुठलीही धरा, कारण तुमचं खरंखुरं. पाच ओळींत लिहा, मी एकेकाचं वाचतो.